नोटीस पोचेल असा पत्ता

दिवाणी दावा लावायचा तर वादपत्रात काय काय लिहायचे, याची यादी 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. आदेश 7, नियम 1. न्यायालयाचे नाव, वादीचे नाव आणि राहण्याचे ठिकाण, आणि मग प्रतिवादीचे नाव, वर्णन, राहण्याचे ठिकाण. वादीच्या बाबतीत कसलीच सवलत नाही. प्रतिवादीच्या कलमाला मात्र एक पुस्ती जोडलेली आहे: जितके समजू शकेल तितके. सुमारे ऐंशी वर्षांनी, 1987 मध्ये, ग्राहक संरक्षणाचे केंद्रीय नियम आले. तक्रार कशी लिहावी हे सांगताना त्यांनीही सामनेवाल्याचे नाव आणि पत्ता मागितला, आणि तीच पुस्ती तशीच उचलली.

ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो कुठे सापडेल हे तक्रारदाराला ठाऊक नसू शकते, हे कायद्याला मान्य होते. पण समन्स कुठेतरी पाठवावे लागतेच. ‘पत्ता अपूर्ण’ किंवा ‘निघून गेले’ असा शेरा घेऊन पाकीट परत आले की तारीख पुढे जाते, आणि तक्रारदार पुन्हा पत्ता शोधायला निघतो. मग व्यापाऱ्याने आपला खरा पत्ता स्वतःहून लोकांसमोर लिहून ठेवावा, अशी सक्ती कधी आली? कोणाच्या सोयीसाठी आली? याचे उत्तर कोणा एका माणसाच्या किंवा एका आंदोलनाच्या नावावर सांगता येत नाही. ते कायदे, नियम आणि सरकारी नमुने यांच्या शब्दांत विखुरलेले आहे. हे कागद एकापुढे एक ठेवून जे दिसते तेवढेच इथे मांडतो. एक मर्यादा आधीच सांगायला हवी. कायद्याचा मजकूर काय मागितले गेले ते सांगतो. किती जणांनी ते पाळले, ते सांगत नाही.

सुरुवात इंग्लंडच्या 1862 च्या कंपनी कायद्यापासून करतो, कारण भारतातल्या कंपनी कायद्यांचा साचा तिथला आहे. कलम 39 म्हणते की प्रत्येक कंपनीचे एक नोंदणीकृत कार्यालय असले पाहिजे आणि सर्व पत्रे व नोटिसा ज्या ठिकाणाच्या नावे पाठवता येतील असे ते असले पाहिजे. असे कार्यालय न ठेवता धंदा केला तर दिवसाला पाच पौंडांपर्यंत दंड. कलम 41 म्हणते की जिथे जिथे धंदा चालतो त्या प्रत्येक जागेच्या बाहेर कंपनीचे नाव ठळक जागी, सहज वाचता येईल अशा अक्षरांत रंगवावे किंवा लावावे. पत्रे, जाहिराती, हुंड्या, पावत्या यांवरही नाव हवे.

नाव हवे, एवढेच. पत्ता पत्रावर छापा असे त्या कलमात म्हटलेले नाही. पत्ता निबंधकाला कळवायचा होता. ज्याला हवा असेल त्याने तिथे जाऊन पाहावा. यात धनको डोळ्यांसमोर आहे. कंपनीला माल उधार देणारा, कर्ज देणारा, हुंडी स्वीकारणारा माणूस. समोरच्या संस्थेची जबाबदारी मर्यादित आहे हे त्याला नावावरून कळावे, आणि पैसे बुडू लागले तर नोटीस कुठे द्यायची हे नोंदवहीत सापडावे. दुकानातून वस्तू विकत घेणारा माणूस या कलमांमध्ये कुठेच नाही.

मुंबईत तेव्हा काय चालले होते ते ठाऊक असलेल्याला ही कलमे कोरडी वाटणार नाहीत. मर्यादित जबाबदारीचा कायदा इथे 1857 मध्ये आला, बँकांना तो 1860 मध्ये लागू झाला, आणि 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटून लँकेशरला जाणारा कापूस मुंबईतून जाऊ लागला. त्या पैशावर बँका, वित्तसंस्था, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. प्रेमचंद रायचंद आणि बॅक बे रेक्लमेशन कंपनी ही त्यातली सर्वांना ठाऊक असलेली नावे. 1865 मध्ये युद्ध संपले, 1 जुलैला वायद्यांचे पैसे चुकते करण्याची वेळ आली आणि बाजार कोसळला. दिनशा वाच्छा यांनी या प्रकरणावर 1910 मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले. बाजार कोसळल्याच्या पुढच्याच वर्षी, 1866 मध्ये, इंग्लंडच्या 1862 च्या धर्तीवर भारताचा कंपनी कायदा झाला. मुंबईच्या कोसळण्यामुळेच तो झाला असे मी म्हणणार नाही. इंग्लंडचा कायदा बदलला की इथला बदलायचाच, ही त्या काळची रीत होती. पण नोटीस कोणाला आणि कुठे द्यायची हा प्रश्न त्या वर्षी मुंबईत किती जणांपुढे उभा असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

त्याच काळात दुसऱ्या एका धंद्यावर ठिकाण छापण्याची सक्ती आली, ती अगदी निराळ्या हेतूने. 1867 चा पंचविसावा कायदा: छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर आणि कागदावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण, आणि ते प्रसिद्ध केले असेल तर प्रकाशकाचे नाव व प्रकाशनाचे ठिकाण, वाचता येईल असे छापलेच पाहिजे. मराठी वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक टायपात असलेली ओळ आपण पिढ्यानपिढ्या न वाचता सोडून देतो. ती याच कलमातून आली. ती वाचकासाठी नव्हती. मजकुराबद्दल कोणाला धरायचे हे सरकारला कळावे, म्हणून होती. ठिकाण जाहीर करण्याची सक्ती ही नेहमी दुबळ्याच्या बाजूने असते असे मानण्याआधी हा कायदा आठवावा.

1913 च्या भारतीय कंपनी कायद्यात एक तरतूद आहे, तिच्यापाशी थोडे थांबायला हवे. कलम 73 नुसार नावाची पाटी इंग्रजी अक्षरांत हवी. शिवाय नोंदणीकृत कार्यालय हायकोर्टाच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्राबाहेर असेल, तर त्या ठिकाणी चालणाऱ्या एखाद्या देशी भाषेच्या लिपीतही हवी. मुंबई हायकोर्टाचे मूळ दिवाणी अधिकारक्षेत्र म्हणजे मुंबई शहर. याचा अर्थ असा की पुण्याच्या, सोलापूरच्या किंवा जळगावच्या कंपनीला आपले नाव तिथल्या लोकांना वाचता येईल अशा लिपीत लावणे भाग होते. काळबादेवीतल्या किंवा गिरगावातल्या कंपनीला मात्र नुसती इंग्रजी पाटी पुरत होती. जिथे सर्वांत जास्त कंपन्या, जिथे सर्वांत जास्त गिऱ्हाईक, तिथेच इंग्रजी न येणाऱ्या माणसाला पाटी वाचता येण्याची हमी नव्हती. मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांत व्यापार करणारा माणूस इंग्रजी वाचू शकतो असे कायदा करणाऱ्यांनी धरले होते, असाच याचा अर्थ लागतो. मुंबईच्या बाजारपेठांचे हिशेब त्या वेळी गुजराती आणि मोडीत लिहिले जात होते.

स्वतंत्र भारताच्या 1956 च्या कायद्यात, कलम 147 मध्ये, ही विषमता उरलेली नाही. कार्यालय कुठेही असो, त्या भागात सर्रास चालणाऱ्या भाषांपैकी एकीची लिपी पाटीवर हवीच. आणि आता नावाच्या जोडीला नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ताही हवा, दारावरच्या पाटीवर तसाच व्यवहाराच्या पत्रांवर, बिलांवर, नोटिसांवर. निबंधकाच्या नोंदवहीतला पत्ता अशा रीतीने बिलाच्या माथ्यावर आला आणि गिऱ्हाइकाच्या हातात पडला.

हे सगळे कंपन्यांपुरते. पेठेतले किराणा दुकान, भागीदारीतला कापडाचा धंदा, एकट्याच्या मालकीचे वर्कशॉप, यांचे काय? इंग्लंडने पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, 1916 मध्ये, दुसऱ्या नावाने धंदा करणाऱ्या प्रत्येकाची नोंद सक्तीची केली होती. पाटीवरच्या नावामागे कोण आहे हे लपू नये म्हणून. भारताने तो मार्ग घेतला नाही. 1932 च्या भागीदारी कायद्यात कलम 58 खाली धंद्याचे मुख्य ठिकाण, इतर ठिकाणे आणि भागीदारांचे कायमचे पत्ते नोंदवण्याची सोय आहे, पण नोंदणी ऐच्छिक. न केली तर परिणाम म्हणून कलम 69: अशा पेढीला कराराच्या आधारे दुसऱ्यावर दावा लावता येत नाही. म्हणजे पत्ता लपवणाऱ्याला शिक्षा नाही, फक्त त्याच्या हातातले एक हत्यार काढून घेतलेले. त्याच्याविरुद्ध दावा लावणाऱ्याला याचा काडीचाही उपयोग नाही. आणि एकट्या मालकाच्या धंद्याला तर यातले काहीच लागू नव्हते. मुंबई प्रांतात 1948 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानाचा टपालाचा पत्ता आणि मालकाचे नाव नोंदवणे आवश्यक केले आणि नोंदणीचे प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावायला सांगितले. गुमास्ता परवाना म्हणून आपण जो ओळखतो, तो हा. तो झाला कामगारांचे तास, सुट्ट्या, पगार तपासायला. भिंतीवरची ती चौकट वाचून गिऱ्हाइकाला मालक कोण ते कळत असे, पण तेवढ्यासाठी त्याला दुकानात उभे राहावे लागे. वस्तू घरी नेल्यावर ती चौकट मागेच राहिली.

वस्तूबरोबर पत्ता घरी येऊ लागला तो वेष्टनांवरून, आणि त्यात औषधे पुढे होती. रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 1930-31 मध्ये देशातल्या औषधांच्या बाजाराची पाहणी केली, 1940 मध्ये औषध कायदा झाला, आणि 1945 च्या नियमांमध्ये नियम 96 ने लेबलावर काय हवे ते ठरवले. उत्पादकाचे नाव, आणि जिथे ते औषध प्रत्यक्ष तयार झाले त्या जागेचा पत्ता. अँप्यूलसारख्या इवल्याशा कुपीवर जागा नसेल तर नाव आणि उत्पादनाचे मुख्य ठिकाण पुरे. कंपनी कायद्याच्या पत्त्याशी हे ताडून पाहावे. कंपनी कायद्याला कागदपत्रे स्वीकारणारे कार्यालय हवे होते. ते फोर्टमध्ये असले आणि कारखाना ठाण्याला असला तरी त्याला चालत होते. औषधाच्या नियमाला ठाण्याचा पत्ता हवा होता. बाटलीत गडबड निघाली तर निरीक्षकाला कुठल्या दारात जायचे ते कळले पाहिजे. ‘खरा पत्ता’ म्हणजे काय, या प्रश्नाला कायद्याने दिलेली ही दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही आजही चालू आहेत. माझ्या मते दुसरे उत्तर अधिक प्रामाणिक आहे.

1955 च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांनी खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर उत्पादकाचा किंवा वेष्टन करणाऱ्याचा पूर्ण पत्ता मागितला. मग 1976 चा वजनमापांचा कायदा आणि त्याखालचे 1977 चे आवेष्टित वस्तूंचे नियम आले, आणि साबणापासून खिळ्यांपर्यंत बंद पाकिटातून विकल्या जाणाऱ्या वस्तूंना ही सक्ती लागू झाली. या नियमांच्या जागी 2011 मध्ये वैध मापनशास्त्राचे नवे नियम आले. त्यांत ‘पूर्ण पत्ता’ म्हणजे काय ते फोड करून सांगितले आहे: रस्त्याचे नाव, जागेला क्रमांक असेल तर तो क्रमांक, आणि शहर व राज्य किंवा त्याऐवजी पिनकोड. हे सगळे कशासाठी, तर ग्राहकाला उत्पादक ओळखता यावा आणि गाठता यावा यासाठी.

1862 पासूनच्या कागदांमध्ये धनको दिसतो, निबंधक दिसतो, दंडाधिकारी, कामगार निरीक्षक, औषध निरीक्षक दिसतात. इथे, या व्याख्येच्या पोटात, वस्तू विकत घेणारा माणूस स्वतः उभा आहे. पत्ता त्याच्यासाठी आहे, त्याला वापरता यावा म्हणून आहे, असे नियमच सांगतो. आणि शहर-राज्याच्या बदली चालणारे ते सहा आकडे 15 ऑगस्ट 1972 पासून टपालखात्याने सुरू केलेले. एकाच नावाची अनेक गावे आणि पत्त्यांच्या अनेक भाषा-लिपी यांतून पत्र वाट काढू शकावे म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर या दळणवळण मंत्रालयातल्या मराठी अधिकाऱ्याने, संस्कृतच्या नामवंत कवीने, ती योजना आखली. 1913 च्या कायद्याने पाटीपुरता हाताळलेला लिपीचा प्रश्न त्या सहा आकड्यांनी वेष्टनापुरता पुष्कळ सोपा केला.

2011 च्या याच नियमांत आणखी दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही विचारपूर्वक केलेल्या वाटतात. पाकिटावर एखादे नाव आणि पत्ता आहे, पण ‘उत्पादक’ किंवा ‘वेष्टन करणारा’ असा खुलासा नाही. अशा वेळी ते नाव उत्पादकाचेच धरले जाईल आणि जबाबदारी त्याच्यावर येईल. म्हणजे संदिग्ध लिहिण्याचा फायदा लिहिणाऱ्याला मिळत नाही. दुसरी गोष्ट नियम 28: पूर्ण पत्त्याऐवजी छोटा पत्ता छापायचा असेल तर तो आधी अधिकाऱ्याकडे नोंदवून घ्यावा, आणि तेवढ्यावरून उत्पादक ओळखू येतो अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तरच तो मिळेल. या नियमाकडे शेवटी परत येणार आहे.

पत्ता छापणे आणि पत्त्यावर कोणी असणे यांत अंतर पडू शकते. कंपनी कायद्याने हे अंतर फार काळ मनावर घेतले नाही. 1862 चे कलम 39, 1913 चे कलम 72 आणि 1956 चे कलम 146 शेजारी ठेवले तर नोंदणीकृत कार्यालयाचे वर्णन जवळपास अक्षरशः तेच आहे: जिथे पत्रे आणि नोटिसा पाठवता येतील असे. पाठवता येतील; पोचतील का, हे विचारलेले नाही. त्याला जोड 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम 27 ची: पत्ता बरोबर लिहून, टपालखर्च भरून, रजिस्टर पोस्टाने पाठवले की एरवी सिद्ध होईपर्यंत ते पोचले असे धरावे. त्यामुळे खटला पुढे सरकू शकत होता, एकतर्फी निकालही लागत होता. पण तो निकाल घेऊन वसुलीला गेले तर त्या पत्त्यावर दुसऱ्याच कोणाचे तरी दुकान असण्याची शक्यता राहतच होती.

2013 च्या कंपनी कायद्यात कलम 12 ने हे वर्णन बदलले. नोंदणीकृत कार्यालय आता सर्व पत्रे व नोटिसा स्वीकारू शकणारे आणि त्यांची पोच देऊ शकणारे असायला हवे. भार पाठवणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे सरकला. बिलावर आणि पत्रावर पत्त्याबरोबर कंपनीचा ओळख क्रमांक, फोन, ईमेल आले. चूक केल्यास दिवसाला हजार रुपये, एकूण एक लाखापर्यंत. पण शब्द बदलल्याने पत्त्यावर माणूस येऊन बसत नाही, हे पुढच्या काही वर्षांच्या कागदांतून दिसते. 2017 च्या नोव्हेंबरपर्यंत सरकारने 2 लाख 24 हजार कंपन्या निबंधकाच्या नोंदवहीतून काढल्या. दोन वर्षे किंवा जास्त काळ त्यांचे कसलेही कामकाज नव्हते. त्यानंतर कलम 12 मध्ये पोटकलम 9 आले: कंपनी धंदा करत नाही असे मानायला कारण असेल तर निबंधक तिचे कार्यालय प्रत्यक्ष जाऊन पाहू शकतो. फेब्रुवारी 2019 मध्ये आयएनसी-22ए हा नमुना आला. 2017 अखेरपर्यंत नोंदलेल्या कंपन्यांनी आपल्या कार्यालयाच्या इमारतीचा बाहेरून काढलेला फोटो आणि आतला फोटो द्यायचा होता. आतल्या फोटोत सही करणारा संचालक किंवा जबाबदार अधिकारी दिसायला हवा. ऑगस्ट 2022 मध्ये नियम 25ब आला आणि पाहणी कशी करायची ते ठरले: त्याच भागातल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर, गरज पडल्यास पोलिसांच्या मदतीने, जागेच्या कागदांशी पडताळून, फोटो काढून. गावच्या पंचनाम्यासारखीच ही रीत. नोंदवहीतला शब्द जागेशी ताडून पाहण्याची पद्धत कायद्यात लिहून यायला, मुंबईच्या 1865 पासून मोजले तर, दीडशेहून अधिक वर्षे गेली.

दरम्यान खरेदी पडद्यावर गेली होती. तिथे पाटी नाही, गुमास्ता परवान्याची चौकट नाही, आणि पाकीट घरी येईपर्यंत वेष्टनही हातात नाही. आवेष्टित वस्तूंच्या नियमांत 1 जानेवारी 2018 पासून दुरुस्ती लागू झाली आणि वेष्टनावरचा तपशील विक्रीच्या पडद्यावरही दाखवणे बंधनकारक झाले. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 ला अंमलात आला, आणि त्याने पत्त्याचे एक जुने ओझे उतरवले. 1986 च्या कायद्यात कुठल्या मंचाकडे जायचे हे सामनेवाल्याचे ठिकाण किंवा तक्रारीचे कारण जिथे घडले त्यावर ठरत असे. आता कलम 34 नुसार ग्राहक स्वतः जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही तक्रार देऊ शकतो. चिपळूणच्या माणसाला गुरुग्रामला जावे लागत नाही. नोटीस मात्र अजूनही गुरुग्रामलाच जायची असते, आणि त्यासाठी पत्ता हवा.

तीनच दिवसांनी ई-कॉमर्सचे नियम निघाले. नियम 4: प्रत्येक संस्थेने आपले कायदेशीर नाव, मुख्यालयाचा आणि सर्व शाखांचा भौगोलिक पत्ता, ग्राहकसेवेचे आणि तक्रार अधिकाऱ्याचे संपर्क ठळकपणे दाखवायचे. नियम 5: अनेक विक्रेत्यांचा बाजार चालवणाऱ्याने प्रत्येक विक्रेत्याच्या धंद्याचे नाव, तो नोंदणीकृत आहे की नाही, त्याचा भौगोलिक पत्ता हे खरेदीच्या आधी कळेल असे द्यायचे, आणि खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागितले तर त्या विक्रेत्याचे मुख्यालय, शाखा, ईमेल हा सगळा तपशीलही द्यायचा. ‘जितके समजू शकेल तितके’ या पुस्तीला इथे प्रथमच सरळ उत्तर मिळाले: समजून देण्याची जबाबदारी आता मधल्या बाजारावर आहे. ही तरतूद फार थोड्या ग्राहकांना ठाऊक आहे याचे मला वाईट वाटते. एक साधा लेखी अर्ज, ऑर्डरचा क्रमांक आणि नियमाचा उल्लेख, एवढ्यावर ती मागता येते.

याच नियमांनी, अधूनमधून वैयक्तिक वस्तू विकणारा माणूस वगळला आहे. नियमित धंदा करणारा वगळलेला नाही. घरच्या घरी मसाले, पापड, लोणची करून इंटरनेटवरून विकणारी बाई या व्याख्येत धंदेवाईक ठरते, आणि तिचा धंद्याचा पत्ता म्हणजे तिचे घर. ग्राहकाला तिला गाठता आले पाहिजे, यात शंका नाही. पण चाळीतल्या खोलीचा क्रमांक अनोळखी माणसांच्या पडद्यावर कायमचा लटकत ठेवणे हे मोठ्या कंपनीने आपल्या बहुमजली कार्यालयाचा पत्ता छापण्यासारखे नाही. दोघांना एकच नियम लावला की लहान माणूस खोटा किंवा अर्धवट पत्ता देतो, आणि मग पाकीट पुन्हा ‘पत्ता अपूर्ण’ होऊन परत येते.

म्हणून नियम 28 पुन्हा वाचावासा वाटतो. बाहेर छापायला छोटा पत्ता, पूर्ण पत्ता अधिकाऱ्याच्या नोंदीत, आणि छोट्यावरून ओळख पटते अशी अधिकाऱ्याची खात्री. वेष्टनांसाठी ही सोय कायद्यात आहेच. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्यांसाठी ती नाही, आणि घरून धंदा करणाऱ्यांसाठी ती तिथे आणायला नवे काही शोधावे लागणार नाही. त्यासाठी नियम 5 मध्ये एक पोटनियम आणि जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात एक नोंदवही पुरेल.